दिवा दिसू नये

हल्ली कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलं की जेवणाआधी एक कार्यक्रम ठरलेला असतो. यजमान आपल्याला हॉलच्या मध्यभागी उभं करतात, स्विचबोर्डाकडे जातात आणि एकेक बटण दाबायला लागतात. "हे बघा, हे वॉर्म. हे कूल. आणि आता सगळे एकदम!" सगळे एकदम लागले की आपण डोळे किलकिले करून "वा, वा" म्हणायचं. मंडळी, मीही म्हणतो. वास्तुशांतीच्या दिवशी खोट काढू नये एवढं मला कळतं. पण मनात जे येतं ते इथे लिहायला हरकत नाही. छतात पुरलेला दिवा जर डोळ्यांत खुपणारच असेल, तर तो छतात पुरला कशाला?

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात उजेड दिसावा, दिवा दिसू नये. आणि हे काम वॅटनं होत नाही, वॉर्म-कूलनं होत नाही. ते होतं दिव्याभोवतीच्या वाटीनं, म्हणजे रिफ्लेक्टरनं, आणि ती वाटी छतात किती खोल नि कशी बसवली त्यानं.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण उमेदीची बरीच वर्षं मी भोसरीच्या एका गाळ्यात काढली. तिथे मोठ्या कंपन्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे रिफ्लेक्टर व्हायचे. मी नक्की काय करतो हे नातेवाइकांना समजावणं अवघड जायचं. आत्या तर शेवटपर्यंत "तो वाट्या करतो" असंच सांगायची. तसं ते चूक नव्हतं.

तर ह्या वाटीला मुळात दोन कामं होती. साधा बल्ब किंवा सीएफएल चहूबाजूंनी उजेड फेकतो. असा दिवा छतातल्या डब्यात नुसता टांगला तर वर आणि बाजूला गेलेला उजेड डब्यातच आपटून संपतो. त्याला वळवून खाली आणायचं, हे पहिलं काम. दुसरं काम सहसा लक्षात येत नाही, ते काठाचं. वाटी उलटी, दिवा वर तिच्या तळाशी. खोलीत लांब बसलेल्या माणसाला मधे काठ आडवा येतो आणि दिवा दिसत नाही. रणरणत्या उन्हात आपण कपाळावर आडवा हात धरतो ना, अगदी तेच.

२००० सालच्या आसपासची ऑफिसं आठवा. सहा-आठ इंची गोल डाउनलाइट, आत १८ वॅटच्या दोन सीएफएल आडव्या आणि भोवती चकचकीत वाटी. सराफांच्या दुकानांत १२ व्होल्टवर चालणारे ५० वॅटचे हॅलोजन असत, ज्यांना सगळे एमआर सोळा म्हणायचे. एमआर म्हणजे मल्टिफॅसेटेड रिफ्लेक्टर, अनेक पैलूंची वाटी. आणि सोळा म्हणजे इंचाचे सोळा अष्टमांश, सरळ मराठीत दोन इंच व्यास! त्या काचेच्या वाटीला असा लेप असायचा की उजेड पुढे जायचा आणि उष्णतेचा मोठा भाग मागून निघून जायचा. पाटल्या-बांगड्या थंड राहायच्या, सीलिंगच्या वरची वायर मात्र भाजून निघायची. असो.

मग एलईडी आला. एलईडीची चिप सपाट बोर्डावर बसते आणि उजेड फक्त पुढच्या बाजूला टाकते. म्हणजे वाटीचं पहिलं काम संपलं. हिशेब करणाऱ्यानं म्हटलं, मग वाटी हवीच कशाला? काढा. पुढे दुधी प्लास्टिक लावा आणि बोटभर जाडीचं सपाट पॅनेल करून विका. स्वस्त, हलकं, बसवायला दोन मिनिटं. दुसरं काम कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. घरातला जुना गडी "आता ह्याला काय काम" म्हणून काढून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी कळावं की टाकीत पाणीही तोच चढवत होता, तशातली गत!

हे नुसतं जुन्या माणसाचं कुरकुरणं वाटू नये म्हणून थोडं गणित. (वहिनी, हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) समजा सीलिंग जमिनीपासून साडेआठ फुटांवर आहे आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे चार फुटांवर. मधे साडेचार फूट. दिव्याचं तोंड चार इंचांचं, आणि चिप बरोबर मधोमध, दोन इंच खोल. काठावरून रेघ ओढली तर ती ४५ अंशांत येते. म्हणजे दिव्याच्या खालच्या बिंदूपासून साडेचार फुटांच्या आत बसलेल्यालाच चिप दिसेल, बाकीच्यांना नाही. आता तीच चिप एकच इंच खोल ठेवा. साडेचारचे नऊ फूट होतात. आपल्या हॉलमध्ये नऊ फूट म्हणजे जवळजवळ सगळेच आले. आणि सपाट पॅनेलला खोलीच नाही, तेव्हा ते कोपऱ्यातल्या माणसालाही दिसणार. एवढा सगळा फरक एका इंचाचा आहे.

नुसती खोल वाटीही पुरत नाही म्हणा. तिच्या भिंतीचा बाक बरोबर हवा. नाहीतर चिप लपते, पण तिचं प्रतिबिंब भिंतीवर चमकत राहतं आणि त्रास तोच. शाळेत पॅराबोला शिकताना "ह्याचा आयुष्यात काय उपयोग" असं विचारणारे माझ्या वर्गात पुष्कळ होते. त्याचा उपयोग हा! दिवा त्याच्या नाभीवर ठेवला की किरण सरळ समांतर खाली जातात, तिरपे डोळ्यांत येत नाहीत. चांगल्या वाटीची खूण अशी की दिवा चालू असतानाही लांबून ती काळोखी दिसते. आमच्याकडे नमुना बघायला आलेलं गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, "हा बंद आहे का?" आणि त्याच्या हातातल्या कागदावर लख्ख उजेड पडलेला असायचा. त्या प्रश्नापेक्षा मोठी पावती नाही.

आपल्या जुन्या घरांना ही गोष्ट ठाऊक होती असं मला वाटतं. कोनाडा म्हणजे काय? भिंतीत पुरलेला दिवाच की. माझ्या आजोळी माजघराच्या कोनाड्यात चिमणी असायची. कोनाड्याला आतून चुना, काजळीनं काळा झाला की दिवाळीत पुन्हा पांढरा. तो पांढरा चुना म्हणजे रिफ्लेक्टर, आणि कोनाड्याच्या बाजूच्या भिंती म्हणजे वाटीचा काठ. शेजारच्या भिंतीलगत अंथरुणावर पडलेल्या पोराला ज्योत दिसायची नाही, पण समोरची भिंत उजळलेली दिसायची. भिंतीवर टांगायच्या दिव्यांनाही मागे पत्र्याची चकती असायचीच. त्या काळी तेल मोजून जाळायचे, म्हणून उजेड कुठे जातो ह्याकडे लक्ष असे. आता वीज एवढीशी लागते की कुणी बघतच नाही. कमी पडला उजेड? लावा अजून चार पॅनेल.

कोनाड्याचा एक थोरला भाऊ मी अमेरिकेत पाहिला. भाचा डॅलसला असताना त्यानं शेजारच्या फोर्ट वर्थमधलं किंबेल आर्ट म्युझियम दाखवायला नेलं. १९७२ साली उघडलेली ही इमारत लुई कान यांची, ज्यांनी आपल्याकडे अहमदाबादचं आयआयएम उभारलं. किंबेलची छपरं काँक्रीटच्या लांबलचक कमानींची आहेत. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक अरुंद फट, आणि फटीच्या खाली बाकदार, बारीक भोकांच्या अ‍ॅल्युमिनियमचा रिफ्लेक्टर टांगलेला. ह्या उजेडाच्या कामात कान यांच्या जोडीला रिचर्ड केली हे प्रकाशयोजनाकार होते. टेक्ससचं ऊन फटीतून आत येतं, रिफ्लेक्टरवर आपटतं, पुन्हा वर कमानीवर पसरतं, आणि तिथून चंदेरी होऊन चित्रांवर उतरतं. मी बराच वेळ चित्रं सोडून छताकडेच बघत होतो. भाचा वैतागला. पण त्यांनी सूर्यालासुद्धा डोळ्यांसमोर येऊ दिलेलं नाही, आणि आपण १५ वॅटचं पॅनेल उशीच्या बरोबर वर लावतो!

उशीचं उदाहरण हवेत मारलेलं नाही. आईच्या फ्लॅटचं सीलिंग ज्या कंत्राटदारानं केलं, त्यानं तिच्या खोलीत अशी चार पॅनेलं बसवली होती. मधोमध चौकोन, चार कोपऱ्यांना चार, कागदावर फार सुरेख. त्यातली दोन पलंगावर आली. आई एक्क्याऐंशीची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू धरतोय. "दिवे टोचतात रे," ती म्हणायची. कंत्राटदार म्हणाला, "आजी, सवय होईल."

सवय झाली, पण ती दिवा न लावण्याची. रात्री बाथरूमला जाताना ती भिंतीला हात लावत अंधारात जायला लागली. बटण दाबलं की चारही दिवे एकदम डोळ्यांवर येत, त्यानंतर मिनिटभर तिला काहीच दिसत नसे, त्यापेक्षा अंधार बरा! एकदा स्टुलावर नडगी आपटली, सुदैवानं तेवढ्यावर निभावलं. ह्या वयातल्या पडण्याचं काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून मी ह्या इंचाइंचाच्या गोष्टी करतोय. नाहीतर दिव्यांच्या शोभेबद्दल वाद घालण्याची मला हौस नाही.

म्हाताऱ्या डोळ्यांची अडचण दुहेरी असते. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या मानानं ढोबळमानानं एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे त्यांना उजेड जास्त हवा. पण गढूळ झालेल्या भिंगावर थेट झगझगीत उजेड पडला की तो आतल्या आत पसरतो आणि समोरचं सगळं धुक्यात जातं. म्हणजे झगझगाट कमी हवा. "कमी वॅटचा लाव" म्हटलं तर पहिली गरज भागत नाही, "जास्त वॅटचा लाव" म्हटलं तर दुसरी बिघडते. ऑफिसांसाठी झगझगाटाचा आकडा ठरलेला असतो, त्याला यूजीआर म्हणतात. युरोपच्या मानकात लिहिण्यावाचण्याच्या जागी तो १९ च्या वर नको असं आहे. तरुण डोळ्यांच्या ऑफिसांना नियम, आणि आजी-आजोबांच्या खोलीला "सवय होईल"!

आईच्या खोलीत मग आम्ही काय केलं ते सांगतो. आडवं पडलेल्या माणसाच्या बरोबर डोक्यावरचा दिवा कितीही खोल वाटीत घातला तरी त्याला दिसणारच, तिथे रिफ्लेक्टरही हात टेकतो. म्हणून पलंगावरची दोन्ही पॅनेलं काढून भोकं झाकणांनी बंद केली. उरलेल्या दोन जागी खोल वाटीचे १२ वॅटचे दिवे घेतले. एक बाथरूमच्या दाराशी, सरळ खाली पडणारा. दुसरा कपाटाच्या बाजूला, तो वॉलवॉशर, म्हणजे ज्याची वाटी एका अंगाला कललेली असते आणि उजेड भिंतीवर पडतो. सहा इंची भोकात चार इंची दिवा बसवायला मधे रिंग लागली, एवढाच उपद्व्याप. आधीचे साठ वॅट होते, आता चोवीस. आणि आई दिवा लावते.

बसवायला आलेला वायरमन चलाख पोरगा होता, पण त्यानं वॉलवॉशरची वाटी उलटी बसवली. कपाटाऐवजी पलंगावर झोत! "काका, बसलंय की घट्ट," तो म्हणाला. घट्ट बसलं होतं हे खरं. स्प्रिंगांना दिशा कळत नाही, त्या कशीही वाटी धरून ठेवतात. अर्धा फेरा फिरवला, काम झालं. एरवी हाच दिवा "ह्या कंपनीचा माल वाईट" म्हणून परत गेला असता.

बसवण्यातल्या अशा बारीकसारीक गोष्टींवरच सगळं अवलंबून असतं, आणि त्या कुणी सांगत नाही. आमच्या गाळ्यात अ‍ॅल्युमिनियमचं सर्कल लेथवर फर्म्याला दाबून धरायचे आणि कारागीर लांब दांड्याचं हत्यार काखेत धरून, अंगाचा भार देऊन ते पत्र्यावर चालवायचा. डोळ्यांदेखत सपाट चकतीची वाटी व्हायची. मग बफिंग, मग अ‍ॅनोडायझिंग. तिथून परत आलेल्या मालाला उघडा हात लावायचा नाही हा नियम होता. सुती हातमोजे घालूनच उचलायचा. बोटांचा घाम आणि तेलकटपणा त्या चकाकीवर डाग धरतो, आणि दिवा लागला की तो ठसा सगळ्यांत आधी दिसतो. एवढं जपून पाठवलेली वाटी साइटवर पुट्टीच्या हातांनी बसवलेली पाहिली की मला कसंसंच व्हायचं. आताच्या बऱ्याच वाट्या प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा दिलेल्या असतात. त्या तर फडक्यानं घासल्या की मुलामाच उतरतो.

क्रम असा असावा. आधी रंगकाम, घासकाम पूर्ण. मग भोक, दिव्यासोबत आलेल्या कटआउटच्या मापाचं, अंदाजानं नाही. साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाला स्प्रिंग नीट धरते, पण भोक पाव इंचानं मोठं झालं की कड कोसळते आणि दिवा एका बाजूनं लोंबतो. ड्रायव्हर आत सरकवायचा, तो दिव्याच्या डोक्यावर न ठेवता बाजूला, म्हणजे दोघांची गरमी एकमेकांना लागत नाही. दोन्ही स्प्रिंगा वर मुडपून दिवा आत ढकलायचा (बोटं सांभाळून, स्प्रिंग बसली की डोळ्यांसमोर तारे चमकतात, तोही एक झगझगाटच!). आणि वाटी सगळ्यांत शेवटी. तिच्यावरची पातळ फिल्म तर त्याच्याही नंतर, झाडलोट झाल्यावर काढायची.

आता दुसरी बाजू. खोल दिवा महाग पडतो, खरं आहे. त्याला सीलिंगच्या वर चार-पाच इंच जागा लागते आणि बीमच्या खाली ती मिळत नाही, हेही खरं. पण मग तिथे पुरलेला दिवा नकोच. भिंतीवर दिवा लावा, साधी ट्यूब लावा. बीमखाली दोन इंचांत काहीतरी पुरलंच पाहिजे असा कुठला शास्त्रार्थ आहे? आणि तिसरा आक्षेप माझ्या धाकट्या भावाचा, तो मात्र मला मान्य आहे: सगळेच खोल दिवे लावले की छत आणि भिंती काळवंडतात, खोलीची गुहा होते. त्याला उपाय तोच वॉलवॉशर. निदान एक भिंत उजळलेली हवी. कोनाडा समोरची भिंत उजळायचा, तसं.

माझा खरा राग आणखी एका गोष्टीवर आहे. आमच्या वेळी दिवा गेला की दिवा बदलायचा. वाटी, रिंग, डबा तिथेच, वीस वर्षं. आता पॅनेलमध्ये सगळं एकजीव चिकटवलेलं. बहुतेक वेळा एलईडी जात नाही, बारका ड्रायव्हर जातो. ड्रायव्हर वेगळा मिळाला नाही तर अख्खं पॅनेल टाकायचं. तीन वर्षांनी त्याच मापाचं दुसरं मिळत नाही, नवीन थोडं लहान निघतं, मग छताला भोकाची चंद्रकोर दिसते, मग पीओपीवाला, मग रंगवाला. दीडशे रुपयांच्या ड्रायव्हरसाठी आठवडाभर घरात धूळ!

पुतण्याला दिवाळीनंतर फ्लॅटचा ताबा मिळणार आहे आणि त्याचा सीलिंगवाला आत्ताच चौकोन आखून गेलाय. त्याला फोनवर सांगितलंय ते इथेही लिहून ठेवतो. नकाशावर आधी पलंग, सोफा, ओटा आणि आजीची खुर्ची काढ, मग दिवे. दुकानात दिवा हातात घेऊन बघू नकोस, वर लावायला सांग आणि नऊ फूट मागे जाऊन खुर्चीत बसून बघ. वाटी हातानं निघते का ते विचार, ड्रायव्हर वेगळा मिळतो का तेही. सीलिंग बंद व्हायच्या आधी प्रत्येक भोकाचं माप वहीत लिही. आणि घेतलेस त्यापेक्षा दोन दिवे जास्त घेऊन खोक्यासकट माळ्यावर टाक. वाटीवरची फिल्म काढू नकोस.